उंबऱ्यावरचं खाकरणं

रुपचंद धुळ्याहून परत आला तो खरबूज घेऊनच.

भर उन्हात एसटीतून उतरलेला, मानेला ओला रुमाल, तोंड लालबुंद. ओसरीवर टेकला आणि पिशवी त्याने आईपुढे सरकवली. मंजुळाबाई उद्याच्या मांड्यांचं पीठ फडक्यातून गाळत बसली होती, डाव्या हाताने. पिशवीतून खरबुजाची पिवळी पाठ दिसत होती. तिला आधी वाटलं, नानांनी बदल्यात दुसरं दिलं असेल. मग देठाला तिनेच बांधलेली लाल चिंधी दिसली, आणि पिठाचं फडकं तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

पंडितनाना, तिचे जेठ म्हणजे थोरले दीर, नोकरीसाठी धुळ्याला जाऊन राहिले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पारोळ्याच्या या घरातून एक खरबूज धुळ्याला जायचं. आखाजीच्या सकाळी नाना ते स्वतःच्या हाताने परत आणायचे, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायचे आणि खरबूज तिच्या तोंडावर ठेवायचे. नाना थोरले, घागर त्यांच्या हातची. खरबूज गेलं म्हणजे बोलावणं गेलं, आणि नानांनी ठेवून घेतलं म्हणजे होकार आला. ते रुपचंदच्या पिशवीतून आदल्याच दिवशी घरी आलं, याचा अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय म्हनेत नाना?" तिने तरी विचारलं.

"म्हणाले, 'यंदा घागर आम्ही धुळ्यालाच भरसूत. तुमी तुमनी भरा.'" रुपचंद शाळामास्तर होता, घरातही तो वर्गात बोलल्यासारखा बोलायचा, पण नानांचे शब्द त्याने नानांच्याच बोलीत आणून टाकले. "चहासुद्धा धड प्यायलो नाही मी. कारण विचारलं तर म्हणाले, तुझ्या आईला विचार."

"माले?"

"तुलाच. शिरपूरला लग्नात काय झालं, माय?"

मंजुळाबाईने फडक्याची चारी टोकं एकत्र केली. शिरपूरला काय झालं ते तिला चांगलं ठाऊक होतं. माघ महिन्यापासून ती गोष्ट तिच्या छातीवर बसून होती.

आता नानांचं खाकरणं म्हणजे घशातली खरखर नव्हे. जेठाने घरात पाऊल टाकायच्या आधी उंबऱ्यावर थांबून खाकरायचं, आतल्या धाकट्या भावाच्या बायकोने पदर डोक्यावरून पुढे ओढायचा आणि मग त्याने आत यायचं, अशी या घरची रीत. चाळीस वर्षांत नाना मंजुळाबाईशी एक शब्द सरळ बोलले नव्हते. तहान लागली तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "पानी भेटी का?" भिंत काही उठून पाणी देत नसे, पाणी मंजुळाबाईच द्यायची. पण त्या खाकरण्यातच सगळं बोलणं असायचं. घाईचं खाकरणं वेगळं, भुकेचं वेगळं, रागाचं तर दोन घरं पलीकडे ओळखू यायचं. चार वर्षांपूर्वी रतिलाल गेले, तिचा नवरा, नानांचा धाकटा भाऊ. तेव्हा नाना रात्रीच्या गाडीने आले, उंबऱ्यावर थांबले आणि खाकरता खाकरता त्यांचा आवाजच फुटला. आत हंबरडा फोडून बसलेल्या मंजुळाबाईने तशातही पदर ओढला होता. दोघांचं एवढंच बोलणं झालं होतं त्या दिवशी, आणि त्यात सगळं आलं होतं.

आणि शिरपूरला, नानांच्या नातीच्या लग्नात, भर मांडवात, नव्या व्याह्यांसमोर नाना खाकरले तेव्हा ती उघड्या डोक्याने उभी राहिली. नाना पुन्हा खाकरले. तरी ती तशीच. शिवाय डोळे वटारून थेट त्यांच्या तोंडाकडे बघत.

"दोनदा खाकरले म्हणे नाना," रुपचंद म्हणाला. धुळ्याहून निघताना घरातल्या पोरांकडून त्याला एवढं कळलं होतं. "व्याही हसले. नानांना म्हणाले, तुमच्याकडे आता सुधारणा झालेली दिसते. नानांचं म्हणणं, रुपचंदला नोकरी लागली, स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या, रतिलाल नाही, आता थोरल्याला कोण विचारतं? माय, असं का केलंस तू?"

"ध्यानमा नही ऱ्हायनं," मंजुळाबाई म्हणाली.

चाळीस वर्षांची रीत ध्यानात राहिली नाही! रुपचंदने कपाळावर हात मारून घेतला.

"विहीर वाटली," तो म्हणाला, "बैल वाटले, मधे भिंत घातली. घागर तेवढी एक होती. तिच्या पण आता दोन झाल्या म्हणजे झालंच."

तो रागाने बोलला, पण बोलला ते खरंच होतं. सासू-सासऱ्यांचं पाणी आणि रतिलालचं पाणी एका घागरीत पडायचं. आता आई-बापाची घागर धुळ्याला भरली जाणार आणि लेकाची इथे, एकट्याची. मेल्यावरसुद्धा माणसाला वेगळं काढलं आपण, आणि तेही आपल्या एका हातामुळे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बेबीचा आवाज आला. बेबी म्हणजे तिची लेक, आखाजीला माहेरी म्हणून सकाळीच जळगावहून आलेली. "माय! हे काय गं? ही झोपायची जागा आहे का काय आहे?"

मंजुळाबाई ताडकन उठायला गेली. पण उजव्या हाताचा रेटा देता येत नव्हता, म्हणून गुडघ्यावर, मग भिंतीला धरून, अशी उठेपर्यंत बेबीने सगळं पाहिलं होतं.

धान्याच्या कोठीला टेकून तीन गोधड्यांची घडी उभी केलेली. तिच्यापुढे सतरंजी, पण पाय पसरण्यापुरतीच; पाठ टेकून अर्धवट बसूनच राहावं लागेल अशी. उजव्या बाजूला सरकीने भरलेली छोटी थैली, मधे कोपराएवढा खड्डा पडलेली. वरच्या खुंटीवरून रतिलालच्या जुन्या धोतराचा फास लोंबत होता, मनगट अडकवायला. उशाशी मिठाची पुरचुंडी. आणि कोठीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, एकावर एक.

"तू बसून झोपतेस?"

"गरम व्हस. वारा लागस असं बसं का."

"कोठीमागे वारा?" बेबी पुढे आली. ती लहानपणापासूनच अशी, एकदा मागे लागली की सोडायची नाही. "हात वर कर."

"काय पोरखेळ..."

"माय, हात वर कर. उजवा."

मंजुळाबाईने हात उचलला. कोपर छातीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. पुढे काही केल्या जाईना. तिच्या कपाळावर घाम आला आणि डोळे मोठे झाले. शिरपूरला झाले होते तसेच मोठे. दारात रुपचंद येऊन उभा होता. त्याने ते डोळे पाहिले आणि त्याचा मघाचा सगळा राग उतरला.

"डाव्या हाताने ओढायचा पदर," तो हळूच म्हणाला.

"डावा हातमा लाडूसनी परात व्हती," मंजुळाबाई म्हणाली. "कंबरवर धरेल. सोडती तर बठ्ठा लाडू व्याह्यासना पायवर पडतात." आणि एवढं बोलून तिला स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

मग सगळं बाहेर पडलं. कार्तिकापासून खांदा धरला होता. आधी केस विंचरताना, मग चोळीत हात घालताना. बाजाराचं निमित्त करून ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली होती. तो म्हणाला, सांधा आखडलाय, वर्ष-दीड वर्ष लागेल, रोज भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, मुंगी चढते तशी. त्या रेघा त्या बोटांच्या. सहा महिन्यांत चार बोटं वर गेली होती, आणि सगळ्यात वरची रेघ अजून तिच्या खांद्याच्याही खालीच होती.

दिवसाचं काही वाटत नसे. दिवसा माणूस कामात असतो. रात्र काढणं अवघड. उजव्या कुशीचं तर नावच नको. डावीवर झोपावं तर वरचा हात पुढे लोंबतो आणि खांदा ओढून काढतो. उताणं पडावं तर कोपर मागे पडतं आणि कुणी खांद्यात सुरी फिरवल्यासारखी कळ येते. करून करून तिने ही बैठक शोधली होती. मागे गोधड्या, कोपराखाली सरकीची थैली, कारण कापसाची उशी दबून जाते आणि सरकी हाताचा आकार धरून ठेवते. झोपेत हात घसरू नये म्हणून धोतराचा फास. एवढं केलं की तास-दोन तास डोळा लागायचा. मग जाग यायची, आणि हायवेवरचे ट्रक ऐकत बसायचं. भरलेला कुठला, रिकामा कुठला, हे आता तिला आवाजावरून कळू लागलं होतं.

बेबीने सगळं ऐकलं आणि ती थेट चुलीपाशी पुरण शिजवत बसलेल्या वहिनीकडे गेली.

"मंदावहिनी, एका घरात राहता तुम्ही. सहा महिने ती बसून झोपते आणि तुम्हाला पत्ता नाही?"

मंदा अबोल. लग्न होऊन सात वर्षं झाली तरी या घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजाच्या वर कधी गेला नव्हता. तिने पळी खाली ठेवली.

"ताई, ती मिठाची पुरचुंडी आहे ना, ती रोज रात्री चुलीपाशी गरम सापडते त्यांना. विचारा."

खरंच, रोज सापडायची. मंजुळाबाईला वाटायचं, राखेतल्या निखाऱ्यांची धग असेल.

"जेवणं झाली की मीच तव्यावर मीठ भाजते आणि बांधून ठेवते," मंदा म्हणाली. "धुणं मी काढून घेतलं, तेव्हा म्हणाल्या, सुनेला माझं काम पसंत नाही. पाणी भरायचं काढून घेतलं, तर दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांना लपवायचं होतं. मग मी पण लपवलं."

बेबीचा आवेश तिथेच विरला. ती वहिनीशेजारी बसली आणि पळी घेऊन पुरण हलवू लागली. सात वर्षांत नणंद-भावजय अशा खांद्याला खांदा लावून प्रथमच बसल्या असतील.

"आत्ताच्या आत्ता धुळ्याला जातो परत," रुपचंद म्हणाला. "सांगतो नानांना."

"नही." मंजुळाबाईचा आवाज एकदम चढला. "कोनी काही सांगानं नही. हातनं नाव करीसन माफी मांगनी नही माले. त्यासले वाटनं मी माजनू, तर वाटू द्या."

"पण माय, घागर..."

"घागर तू भरशी. मी मांडे करसू. जशे चाळीस वरीस कयात तशे."

"कोणत्या हाताने?" बेबीने विचारलं.

मंजुळाबाई उठून मागच्या अंगणात गेली आणि उद्यासाठी धुऊन पालथं घातलेलं मातीचं खापर, धुतलेलंच, पुन्हा धुऊ लागली.

एवढं लपवलं कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिने खापराकडे बोट दाखवलं असतं.

लग्नानंतरची पहिली आखाजी. गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी गेलेल्या, आणि माहेरवाशिणी कडुलिंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. मंजुळा पंधरा वर्षांची. माहेर साक्रीच्याही पलीकडे डोंगरातलं, बाप नुकताच गेलेला, भाऊ लहान. न्यायला कुणी आलंच नाही. ती दारात उभं राहून दोन दिवस रस्ता बघत राहिली. तिसऱ्या दिवशी थोरल्या जावेने, कमलअक्काने, तिला दंडाला धरून आत आणलं आणि चुलीपुढे बसवलं.

"झोका नही तर नही," कमलअक्का म्हणाली. "हाई शिक. मंग आखाजीले तुले कोठे जावानी गरज नही. लोकच येतीन तुन्हाकडे."

मांड्याची कणीक आधी पाण्याच्या हाताने तिंबून तिंबून अशी करायची की उचलली तर धार लागावी. पुरण भरून पोळी हातभर लाटायची. मग ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत वाढवायची. पातळ होत होत पलीकडचं माणूस दिसायला लागतं. आणि मग दोन्ही हात डोक्याच्या उंचीला नेऊन चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अशी सोडायची की एक सुरकुती पडू नये. पहिल्या दिवशी मंजुळेने अकरा मांडे फाडले. बारावा खापरावर बसला तेव्हा तिला माहेर आठवायचं राहून गेलं.

आणि त्या रात्रीची झोप! वैशाखाची रात्र, बायका धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, वळकट्या टाकून झोपलेल्या. मंजुळेच्या कोपरांना पीठ तसंच वाळलेलं, धुवायचंसुद्धा त्राण नव्हतं. उशी नव्हती म्हणून अक्काने आपला हात पसरला आणि मंजुळा त्या हातावर डोकं टेकून जी झोपली, ती ऊन तोंडावर आल्यावरच उठली. अक्काचा हात रात्रभर तिच्या डोक्याखाली बधीर होऊन पडला होता. "तू दगडनी शेस का माय?" असं म्हणत अक्का सकाळभर हात झटकत होती. पुढे कित्येक उन्हाळे दोघी तशाच झोपल्या. थोरले-धाकटे भाऊ भांडोत, विहीर वाटोत, रात्री धाब्यावर दोघी जावा एका वळकटीवर. नाना धुळ्याला गेले तेव्हा मंजुळेला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ती वळकटी.

आता ते धाबं पाडून तिथे स्लॅब आला होता. आणि अलीकडे रुपचंद म्हणायचा, जळगावला मांडे विकत मिळतात, कशाला एवढा जीव काढायचा? तो काळजीनेच म्हणायचा. पण खांदा गेला असं कळलं की खापर जाईल आणि खापर गेलं की आखाजीला आपण पुन्हा दारात उभं राहून रस्ता बघणारी पोरगी होऊ, अशी तिला भीती होती. पंचावन्नाव्या वर्षी ही भीती कुणाला सांगायची?

घासून घासून खापर लालभडक झालं. आत चुलीपाशी मंदा नव्हती. मीठ संपलंय म्हणून ती वाण्याकडे गेली, असं बेबीने सांगितलं.

आखाजीच्या सकाळी झोके सुरू झाले होते. मंजुळाबाई रात्रभर जागीच होती. पहाटे तिने चूल पेटवली, खापर चढवलं, पहिली पोळी लाटली आणि दोन्ही हातांवर घेतली. डावा हात वर गेला, उजवा गेला नाही. पोळी एका अंगाला ओघळली, फाटली आणि पुरण चुलीत पडलं. जळक्या गुळाचा वास घरभर सुटला. मंदाने दुसरी लाटी पुढे केली. तीही फाटली.

तिसरी हातावर घेतली, आणि मागून कुणीतरी उजव्या बाजूला येऊन बसलं. बांगड्यांनी भरलेला, सुरकुतलेला एक हात तिच्या कोपराखालून आला आणि पोळीची घसरती कड त्याने अलगद झेलली.

"धर तू डावाकडथीन," कमलअक्का म्हणाली. "मी जेवना हात देखस."

"अक्का?" मंजुळाबाईने मान वळवली. "तू कशी उनी?"

"पहिली एसटीमा. एकलीच."

"कोनी सांगं तुले?"

"तुन्ही सूननी फोन कया, काल सांजले. आमना शेजारना दुकानवर." अक्काची नजर पोळीवर होती. "म्हने, मोठीमाय, मी सांगं असं सांगू नका. घ्या, मी सांगी टाकं."

मीठ आणायला गेलेल्या मंदाने मान खाली घातली. मंजुळाबाईने तिच्याकडे रागाने बघायचं ठरवलं होतं, पण राग काही आला नाही.

"मन्हा डावा खांदा असाच व्हता," अक्का म्हणाली. "दोन वरीस. रात रात बशी ऱ्हाऊ मी. तुन्हा जेठ घोरेत आनि मी त्यासनी टोपी देखत बसू. तू माले काबर सांगं नही गं? शिरपूरले मी तठेच व्हती ना?"

"तू तरी तुन्हं सांगं व्हतं का?"

धाब्यावरची वळकटी सुटल्यापासूनची सव्वीस वर्षं दोघींनी आपापलं दुखणं आपापल्या भिंतीला टेकून काढलं होतं. मग अक्का हसली, तोंडातले उरलेले दात दाखवून. दोघींनी मिळून पोळी वाढवायला घेतली. डावा हात मंजुळेचा, उजवा कमलचा. पोळी या बाईच्या मनगटावरून त्या बाईच्या मनगटावर गेली, पातळ झाली, आणि दोघींनी ती उचलून खापरावर सोडली. जराशी वाकडी पडली, पण फाटली नाही.

"आणि नाना?" रुपचंदने दारातून विचारलं.

"त्यासले सांगी उनी मी. बठ्ठं सांगं. ते काही बोलनात नही." अक्काने उलथन्याने कड सोडवली. "आते घरमा बसेल शेतस घागर लिसन. पुरन कोन करी, ते त्यासनं त्यासले माहीत."

उन्हं चढली. मांड्यांची चवड वाढत चालली. घागर दुपारच्या आत भरायला हवी होती. ओसरीत धुतलेली नवी घागर तयार होती, शेजारी ते लाल चिंधीचं खरबूज. रुपचंद दोनदा आंघोळीला जातो म्हणाला आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या तोंडाशी जाऊन आला. साडेदहाची धुळे गाडी येऊन गेली. त्यातून शेजारचे वनाबापू उतरले, बाकी कुणी नाही. अकरा वाजले. दर गाडीच्या आवाजाला मंजुळाबाईचा हात थांबायचा, आणि पोळीचा तोल सांभाळायला अक्काला धावाधाव करावी लागायची.

"भरून टाक रे रुपचंद," ती शेवटी म्हणाली. "तुन्हा बापले तहान लागनी व्हई."

रुपचंद आंघोळ करून आला, सोवळं नेसून घागरीपुढे बसला. तांब्या उचलला.

आणि उंबऱ्यावर कुणीतरी खाकरलं.

नेहमीचं खाकरणं नव्हे. ना रागाचं, ना घाईचं. घसा साफ करायला लाजणाऱ्या माणसासारखं. पण आवाज तोच. आत मंदाने पदर ओढला, कमलअक्कानेही ओढला. मंजुळाबाईचा डावा हात पोळीखाली होता आणि उजवा, चाळीस वर्षांच्या सवयीने, आपणहून वर निघाला. कोपर छातीपर्यंत आलं. थांबलं. तिने ओठ दाबून आणखी उचलायचा प्रयत्न केला.

दारात पंडितनाना उभे होते. पांढरी टोपी, घामाने भिजलेला सदरा, काखेत नवं खरबूज. त्यांनी तो हात पाहिला. चाळीस वर्षांत या बाईकडे त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं, पण आज ते बघतच राहिले. हात कुठे अडतो ते, आणि अडल्यावर डोळे कसे मोठे होतात तेही.

"देखी ल्या," कमलअक्का पदराआडून म्हणाली. "असाच व्हता शिरपूरले."

नानांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघितलं. पण भिंतीला सांगण्यासारखं काही त्यांना सुचलं नसावं.

"राहू दे," ते म्हणाले.

हे त्यांनी भिंतीला नव्हतं सांगितलं. मंजुळाबाईने हात खाली घेतला. मंदाने उठून सासूचा पदर तिच्या डोक्यावर नीट घातला.

"मास्तर, सरक," नाना रुपचंदला म्हणाले, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, "घागर कोनी भरानी या घरमा, थोरलानी का धाकलानी?"

त्यांनी आई-बापाचं नाव घेतलं, पाणी ओतलं. रतिलालचं नाव घेताना थोडे अडखळले, पाणी ओतलं. घागर एक, खरबुजं दोन. नानांनी लाल चिंधीचं घागरीवर ठेवलं आणि धुळ्याच्या स्टँडवर विकत घेतलेलं पोरीबाळींना कापायला दिलं.

पंगत उठली. आमरस, मांडे, सगळं झालं. नानांनी सहा मांडे खाल्ले आणि सहाव्याला भिंतीकडे बघून म्हणाले, "वाकडा शेत, पन चांगला शेत." ओसरीत पुरुष लवंडले. बाहेर उन्हात कडुलिंबाच्या झोक्यांची कडी करकरत होती.

आतल्या खोलीत कमलअक्का कोठीला टेकून बसली आणि तिने सरकीची थैली पायाने बाजूला सारली.

"आज हाई नको. हात मन्हा मांडीवर ठेव."

"तुन्हा पाय बधीर व्हई."

"व्हवू दे. आते तू इतली जड नही."

मंजुळाबाई गोधड्यांवर डावीकडे कलली आणि उजवा हात तिने अक्काच्या मांडीवर ठेवला. अक्काने त्याच्याखाली आपला तळवा घातला. कळ होती, पण लांबची वाटत होती. अक्काच्या लुगड्याला पुरणाचा आणि धुराचा वास येत होता. कोपरांना पीठ वाळलं होतं, ते धुवायचं राहूनच गेलं होतं. अक्का काहीतरी सांगत होती, धुळ्याच्या शेजारणीचं, पण शब्द एकमेकांत मिसळायला लागले होते.

मग ओसरीत कुणीतरी उठलं. नाना. त्यांची पावलं ती झोपेतही ओळखायची. माठ आत होता, त्यांना पाणी हवं असणार. पावलं उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. मंजुळाबाईच्या लक्षात आलं, पदर खांद्यावर घसरलाय. आता खाकरतील. खाकरण्याच्या आधी नाना श्वास घेतात तो तिने ऐकला, आणि डावा हात कसाबसा जागा करून तिने पदराकडे निघायला लावला.

खाकरणं आलं नाही.

नानांनी तो श्वास तसाच गिळला. वहाणा काढल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलं, एकेक करून, माठापर्यंत. ओगराळं माठाच्या काठाला लागू न देता त्यांनी पाणी घेतलं. झाकण ठेवलं. आणि आले तसे, काही आवाज न करता, निघून गेले.

मंजुळाबाईचा डावा हात पदरापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच त्याला झोप लागली होती.